चौथ्या डब्यातल्या अळ्या

नाशिक रोड,
सोमवार, १६ जानेवारी १९८४

प्रिय संघमित्रा,

सप्रेम जय भीम. तुझं नाव पूर्ण लिहायला मला वेळ लागतो. तुझ्या वडिलांनी होती नव्हती तेवढी जोडाक्षरं एका नावात घालून ठेवली आणि स्वतः निघून गेले. तरी पूर्ण लिहिलं, कारण हे पत्र घरातल्या संघूला नाही, पुण्यात मुंगळ्यांवर पीएच.डी. करणाऱ्या बाईला आहे. मी बरी आहे, कोंबड्या बऱ्या आहेत, थंडी मरणाची आहे. ते झालं. आता कामाचं. येत्या शनिवारी तू त्या परिषदेत मोठमोठ्या लोकांपुढे उभी राहून जे सांगणार आहेस, ते सांगू नकोस. कारण खाली येतंय, पण ते लिहायला हात पुढे जात नाही, म्हणून जरा आडवळणानं जाईन. वैतागू नकोस. वैतागायचं काम या घरात माझं आहे.

तुझं पत्र गुरुवारी शाळेतच मिळालं. मधली सुट्टी व्हायची होती, घंटेचा दांडा माझ्या हातात होता. म्हटलं दोन ओळी वाचते आणि घंटा देते. वाचत गेले आणि घंटा राहिलीच. हेडमास्तर बाहेर येऊन म्हणाले, मालनबाई, आज पोरांचा उपास आहे का? मग घंटा दिली ती इतकी जोरात की पहिलीतली दोन पोरं रडायला लागली.    

तू लिहिलंस, आई, चार वर्षं मी म्हणत होते की निफाडच्या द्राक्षमळ्यातला मुंगळा वेगळा आणि नांदगावच्या माळावरचा वेगळा, दोघे दिसायला सारखे पण जाती दोन. ते चुकलं. डिसेंबरात मोजणी केली तर चौथ्या डब्यातल्या, एकाच राणीच्या पोटच्या अळ्यांत दोन्ही आकडे निघाले, काहींत अठरा आणि काहींत वीस. एका आईच्या लेकरांत दोन्ही निघतात म्हणजे जात एकच, आकडा नुसता हलतो. आणि तू लिहिलंस की हे मीच उभी राहून सांगणार, दुसऱ्यानं माझ्या तोंडावर फेकायच्या आधी. तुझे सर म्हणाले डब्यांची सरमिसळ झाली नसेल कशावरून, तर तू म्हणालीस, सर, डबे माझ्या आईकडे होते, तिची रोजची वही आहे, ती खाडा करणारी बाई नाही. वही तू परिषदेत दाखवायला नेणार आहेस. ही ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस.

मला तुझं काम कळत नाही असं तू लोकांना सांगतेस. सांग. पण जेवढं कळायचं तेवढं कळतं मला. आठवतं ना, दोन वर्षांपूर्वी तू इथल्या कॉलेजातली दुर्बीण मागून घेतली होतीस आणि मला शाळेच्या साडीतच ओढत नेलंस. कोषात जाऊ घातलेली अळी घ्यायची, तिच्या डोक्यातला कण सुईनं काढायचा, औषधात ठेवायचा, काचेवर पसरायचा, रंग द्यायचा. मी म्हटलं एवढ्या वेळात चार माणसांचा स्वयंपाक होतो. मग तू मला त्या नळीत बघायला लावलंस. आधी माझीच पापणी दिसली. मग दिसल्या त्या काळ्या बारीक काड्या, मोडक्या शेवया ताटात सांडाव्यात तशा. तू म्हणालीस, आई, ही गुणसूत्रं, मोज. मी बोट धरायला गेले तर तू हसलीस, बोट कुठे धरतेस, डोळ्यानं मोज. निफाडच्याच्या अठरा मोजल्या. दुसरी काच लावलीस, नांदगावच्याच्या वीस. परत लावलीस, परत तेच. वरून एकसारखे, रंग तोच, पायांची लांबी तीच, आणि जुन्या मोठ्या लोकांनी पुस्तकात एकच म्हणून लिहून ठेवलेले. आत बघितलं तर दोन घरं. मी डोळ्यानं मोजलंय ते. म्हणून तू चार वर्षांचं म्हणणं मागे घेतेस हे वाचलं तेव्हा मला तिथल्या तिथे कळलं की चूक कुठे आहे. तुझ्या सरांच्या आधी कळलं.

गेल्या मे महिन्याचं सांगते. तू कलकत्त्याला तीन आठवडे नवीन रंगाचं शिकायला जाणार होतीस, तुमच्या खोलीत पंखा नाही, आणि माझ्या शाळेला सुट्टी. म्हणून तू सहा डबे माझ्या मांडीवर ठेवून गेलीस. एकपासून चारपर्यंत निफाडचे, पाच आणि सहा नांदगावचे. प्लॅस्टरच्या तळाचे, वर काच. सांगून गेलीस, कोपऱ्यातल्या कापसाला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, एक दिवसाआड मध, मेलेल्या किती ते वहीत लिही, बाकी कशाला हात लावू नकोस. पलंगाचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, वर डबे, आणि मी खाली जमिनीवर. शेजारची नूरबानो येऊन म्हणाली, मालनआपा, दुनिया मुंग्या घालवायला हळद टाकते, तू त्यांना पलंग दिलास. मी म्हटलं तुझ्या रहेमानपेक्षा कमी घोरतात. तसं मला त्यांचं बघत बसायला आवडायला लागलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. अळी तोंडात धरून इकडून तिकडे नेतात, जिथे ओल असेल तिथे. माणसं नाही एवढी काळजी घेत.

आणि वही. तिसरीनंतर मी माझ्या हातानं काही लिहिलं असेल तर पगाराच्या कागदावरची सही. रोज रात्री वही काढून लिहायचे, पाणी दिलं, मध दिला, मेलेल्या दोन. लिहून झालं की परत वाचायचे. मला बरं वाटायचं. हे पण तुला आज सांगते, कारण पुढचं त्यामुळेच जास्त वाईट आहे.

बारा मे, गुरुवार, कोंडामामाच्या मुलीचं लग्न नांदगावला. तू जाताना म्हणाली होतीस जाऊ नकोस. मी हो म्हटलं होतं. पण सख्ख्या भावाची मुलगी, आणि तू इथे नाहीस, मला अडवणारं कोण. सकाळी दोनदा पाणी घालून पहिल्या गाडीनं गेले, संध्याकाळी परत यायचं म्हणून. लग्न लागलं, जेवणं झाली, मी पिशवी उचलली तर कोंडामामा आडवा आला. लय दिसांनी आलीस अक्का, आन् लगीच निघाली? मुंग्या काय दारात रडत बसल्यात व्हय? सगळा मांडव हसला. मलाही लाज वाटली, मुंग्यांसाठी घरी जाते असं चारचौघांत काय सांगायचं. राहिले. दुसऱ्या दिवशी पोरीला सासरी वाटे लावायची म्हणून परत राहिले. चौदा तारखेला दुपारी घरी आले. कुलूप काढलं तर आतून भट्टीसारखी वाफ.

पाच डबे ठीक होते, कापूस ओलसर होता. चौथ्याची काच थोडी सरकलेली, मीच घाईत नीट बसवली नव्हती. कापूस खडखडीत. मोठे मुंगळे जिवंत, राणी जिवंत, पण अळ्या सुकून तांदळाच्या कण्यांसारख्या झालेल्या, आणि मुंगळे त्या एकेक उचलून कचऱ्याच्या कोपऱ्यात नेऊन टाकत होते. मी पाणी घातलं, फुंकर घातली, काय काय केलं. काही उपयोग नाही. तू जाताना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतंस, डबा चार, अळ्या एकतीस. आठ हलत होत्या. बाकी सगळ्या गेल्या.

मी तुला भ्याले, संघू. बाहेर कुणी हे वाचलं तर हसेल, आई पोरीला भिते म्हणून. तू ओरडली असतीस तर मी पण ओरडले असते, आपलं तेवढं जमतं. पण तू ओरडत नाहीस. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा तुझी किड्यांची बरणी मी चुलीत उपडी केली होती. तू अकरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. भाकरी खायचीस, भांडी घासायचीस, पण बोलली नाहीस. बाराव्या दिवशी मी तुला नवी बरणी आणून दिली, तेव्हा फक्त झाकणाला भोकं पाड म्हणालीस. ते अकरा दिवस मला अजून आठवतात. चौदा मेला त्या डब्यापुढे बसून मला तेच दिसायला लागलं.

मग मी ते केलं. आपल्याकडे लाल कोंबडी खुडूक बसली आणि तिची अंडी खराब निघाली की मी काय करते? शेजारणीकडची आणून तिच्याखाली सरकवते. तिला कळत नाही, कळलं तरी ती चालवून घेते, पिल्लं निघतात, घर भरतं. आयुष्यभर हेच केलं मी. माझ्या डोक्यात त्यात गुन्हा असा काही आलाच नाही. सहावा डबा अळ्यांनी भरलेला होता, नांदगावचा. तुझा रंगाचा बारीक कुंचला घेतला, तसा त्याला हात लावायला मला मनाई होती, आणि सहाव्यातल्या अळ्या एकेक करून चौथ्यात ठेवल्या. मुंगळे आधी मागे सरले. मिशा लावून लावून बघत राहिले.  मग एकानं एक अळी उचलली आणि आत ओलीत नेऊन ठेवली. मग दुसऱ्यानं. तासाभरात सगळ्या आत. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. सहाव्यात एवढ्या होत्या की तिथलं कमी झालेलं तुला कळणार नव्हतं, आणि चौथ्यात पुन्हा एकतीस झाल्या.

रात्री वही काढली. बारा आणि तेरा मे रिकामे. तिथे मी लिहिलं, पाणी दिलं. दोन्ही दिवशी. मेलेल्या नाहीत. पेन तेच, अक्षर तेच. वहीत काही दिसत नाही, मी परत परत बघितलं होतं.

तू आलीस, डबे बघितलेस, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, आई, माझ्या लॅबमधल्या पोरांपेक्षा तू बरी. जूनमध्ये तू सगळ्यात आधी चौथा डबाच घेतलास, त्यातल्या अळ्या मोठ्या आणि तयार दिसतात म्हणून. मी चहा करत होते. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. दुधाला उकळी आली, मी तिकडे बघितलं, आणि तोवर तू पहिली अळी औषधात टाकली होतीस. मनात म्हटलं, अळी ती अळी, दिसायला एकच तर आहेत. घरातच तुझं सगळं काम ऐकत होते आणि वेळ आली तेव्हा त्या जुन्या पुस्तकवाल्यांसारखीच बोलले.

गेले चार दिवस झोप नाही. डोळा लागला की मला तो हॉल दिसतो, मी कधी न बघितलेला. तू उभी आहेस, हातात माझी वही. आणि मागून कुणीतरी उठून विचारतं. तुझ्या खोलीतली ती मुलगी म्हणाली होती ना, तुमचं बरं असतं, तुम्हाला सगळं आयतं मिळतं. तसली माणसं तिथेही असणार, तू चुकायची वाट बघत. तू खरं ते मागे घेशील, चार वर्षांचं सगळं, आणि ते टाळ्या वाजवतील, किती प्रामाणिक मुलगी म्हणून. दोन वर्षांनी दुसरा कुणीतरी निफाडला जाऊन मुंगळे आणेल, मोजेल, आणि म्हणेल, अहो, जाती दोनच आहेत. मग ते तुझ्या नावावर हसतील. आणि मी सांगितलं तरी हसतील, हिची आई शाळेत झाडू मारते, तिच्या भरवशावर ही संशोधन करत होती म्हणून. दोन्हीकडून तुझंच. मी कुठल्याही बाजूनं विचार केला की तूच मरतेस.

नूरबानोला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, गप्प राहा. तू, मी आणि अल्ला, चौथ्याला माहीत नाही, पोरीची शिष्यवृत्ती जाईल, आणि तिचं मन तर आधीच जाईल. मला ते पटलं. खरंच पटलं. मग दुसरी अक्कल सुचली. आज सकाळी तार ऑफिसात गेले, फॉर्म घेतला, आई आजारी ताबडतोब निघ असं लिहिलं. तू शनिवारी इथे असतीस, परिषद टळली असती. खिडकीतल्या माणसानं शब्द मोजले आणि म्हणाला, कोण आजारी आहे हो बाई? म्हातारी आहे का? मी फॉर्मकडे बघितलं. तेच अक्षर. पाणी दिलं लिहिलेलं तेच. मी फॉर्म मागून घेतला आणि त्याच्यासमोर फाडला. तो म्हणाला सरकारी कागद आहे. मी म्हटलं अजून एक द्या, तोही फाडते. मग घरी येऊन दोन रात्री अर्धवट लिहून ठेवलेलं हे पत्र पुरं करायला बसले.

पोस्टात टाकलं आणि वेळेवर नाही पोचलं तर काय, ही पण भीती आहेच. म्हणून रहेमानभाई उद्या पहाटे द्राक्षाच्या पेट्या घेऊन पुण्याला निघतो आहे, त्याच्या हाती देते. त्याला बजावलं आहे, वॉचमनकडे नाही, तिच्याच हातात. तो म्हणाला आपा, नोटा आहेत का आत? मी म्हटलं त्याहून वाईट आहे, शर्टाच्या आतल्या खिशात ठेव.

आता हे का लिहिलं ते. तुझी माफी मागायला नाही, ती तू देशील न देशील, अकरा दिवस बोलली नाहीस तर मी अकरा दिवस काढीन, जास्त लागले तर जास्त. हे पत्र तुझ्या सरांना दाखव. शनिवारी वहीसोबत हेही ने, आणि कुणी विचारलं तर वाच, माझं नाव घेऊन वाच. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, आता तो ठेवण्यासारखा राहिला नाही. मोजून बघ. तुझ्या पत्रात चौथ्या डब्यातल्या किती अळ्यांत अठरा निघाले आणि किती अळ्यांत वीस, ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मी कुणाला विचारलेलं नाही. मी चौदा मेला सहाव्या डब्यातून तेवीस अळ्या उचलल्या. वीसवाली तेवीसच्या वर एक जरी निघाली, तर मी म्हणते ते खोटं आणि तू म्हणतेस ते खरं. नाही निघाली, तर जाती दोन आहेत आणि तू पहिल्यापासून बरोबर होतीस. बारा मे, घरी नव्हते, पाणी दिलं नाही. तेरा मे, घरी नव्हते, पाणी दिलं नाही. चौदा मे, डबा चार, मेलेल्या तेवीस.

तुझीच,
आई
(मालन पुंजाजी गांगुर्डे)